स्वनिर्मित विद्युत सायकल

स्वनिर्मित विद्युत सायकल म्हणजे साध्या सायकलला विद्युत मोटर, नियंत्रक आणि बॅटरी जोडून वैयक्तिक पातळीवर, कारखान्याबाहेर तयार केलेले दुचाकी वाहन. घरातील अंगण, लहान फॅब्रिकेशनची दुकाने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळा येथे अशा सायकली बांधल्या जातात. रोजच्या प्रवासाखेरीज त्यांचा एक वेगळा वापर वाळवंटी उत्सवांत दिसतो. अमेरिकेतील नेवाडा राज्यात भरणाऱ्या बर्निंग मॅन या उत्सवात मोटारगाड्या चालवण्यास बंदी असल्याने सायकल हेच मुख्य वाहन आहे, आणि सजवलेली, रात्री उजळणारी सायकल ही तेथील लोककलाच बनली आहे. अशा सायकलच्या बांधणीवर वेगापेक्षा धूळ, उष्णता, चार्जिंगची अडचण आणि सजावटीला लागणारी वीज यांचा प्रभाव अधिक असतो.

इतिहास

विजेवर चालणारे पहिले रस्त्यावरील वाहन दुचाकी नव्हते. फ्रेंच संशोधक गुस्ताव त्रुव्हे याने १८८१ मध्ये इंग्रजी बनावटीच्या तीनचाकी सायकलला मोटर व बॅटरी जोडून ती पॅरिसच्या रस्त्यावर चालवली. तयार सायकल घेऊन तिला मोटर बसवण्याची आजची पद्धत मूलतः हीच आहे. ३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ऑग्डेन बोल्टन याला मागील चाकाच्या हबमध्येच मोटर असलेल्या सायकलचे पेटंट मिळाले. त्याची मोटर १० व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकेल अशी कल्पिलेली होती. पुढील काही दशकांत पेट्रोल इंजिनाने ही दिशा मागे टाकली.

घरगुती बांधणीला खरा वेग दोन घटनांमुळे आला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चीनमध्ये विद्युत दुचाकींचे प्रचंड उत्पादन सुरू झाल्याने हब मोटर, नियंत्रक, थ्रॉटल असे सुटे भाग स्वस्तात मिळू लागले. त्यापूर्वी हौशी कारागिराला मोटारीच्या वायपरची किंवा पंख्याची मोटर आणि शिसे-आम्ल बॅटरी यांवर भागवावे लागे.

बर्निंग मॅन आणि सायकल

१९८६ मध्ये लॅरी हार्वे आणि जेरी जेम्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर सुमारे अडीच मीटर उंचीची लाकडी मानवाकृती जाळली. बर्निंग मॅनची सुरुवात तेथून मानली जाते. १९९० पासून हा उत्सव नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात भरतो. ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन तो सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे अमेरिकी कामगार दिनी संपतो. या काळात सुमारे सत्तर हजार लोकांची ब्लॅक रॉक सिटी नावाची तात्पुरती वसाहत उभी राहते आणि नंतर ती पूर्णपणे उठवली जाते.

वसाहतीत आलेली मोटारगाडी तळावर उभी करावी लागते. मुख्य अपवाद मुळापासून रूप बदललेल्या, आयोजकांकडून परवाना मिळालेल्या ‘म्युटंट व्हेइकल’ प्रकारच्या वाहनांचा. त्यांनाही ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर वेगाची मर्यादा आहे, आणि विद्युत सायकलस्वारांनीही तिचे पालन करणे अपेक्षित असते. त्यामुळे शक्तिशाली मोटर बसवून येथे काही साधत नाही. ताशी ४० किलोमीटर धावणारी सायकल तेथे जाऊन पायी चालणाऱ्याच्या दुप्पट वेगाने रांगते, आणि याच बाबतीत पहिल्यांदा बांधणी करणाऱ्यांचा हिशेब सर्वाधिक चुकतो.

उत्सवाच्या दहा तत्त्वांपैकी एक ‘मागे खूण न ठेवणे’ हे आहे. तरीही दरवर्षी अनेक सायकली तेथेच टाकून दिल्या जातात व त्यांची विल्हेवाट आयोजकांवर येते. टाकून दिलेली सायकल विद्युत असेल तर तिच्याबरोबर लिथियम बॅटरीही मागे राहते, आणि ती साध्या भंगारात टाकता येत नाही.

ऊर्जेचा हिशेब

बॅटरी किती मोठी हवी हे ठरवण्यासाठी साधे गणित पुरते. स्वार, सायकल व सामान मिळून ११० किलोग्रॅम वस्तुमान आणि मऊ धुळीत लोटन-रोधाचा गुणांक ०.०३ धरल्यास रोधाचे बल सुमारे ३२ न्यूटन येते. ताशी ८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २.२ मीटरने जाण्यास चाकावर सुमारे ७२ वॅट शक्ती लागते. या वेगाला हवेचा रोध नगण्य असतो. मोटर व नियंत्रक यांची एकत्रित कार्यक्षमता ६० टक्के मानली तर बॅटरीतून १२० वॅट घ्यावे लागतील. दिवसाला २० किलोमीटर फिरण्यास अडीच तास लागतात, म्हणून रोजची गरज ३०० वॅट-तास. डांबरी रस्त्यावर तोच लोटन-रोध याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असतो. त्यामुळे गावातील रस्त्यावर चाचणी घेऊन काढलेला पल्ला वाळवंटात खरा ठरत नाही.

आता सजावट. मीटरला ६० दिवे असलेल्या, प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्र बदलता येणाऱ्या एलईडी पट्टीची पाच मीटर लांबी घेतली तर ३०० दिवे होतात. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येक दिवा ५ व्होल्टवर सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. एकूण प्रवाह १८ अँपिअर आणि शक्ती ९० वॅट. सहा तासांच्या रात्रीत हे ५४० वॅट-तास होतात, म्हणजे दिवसभराच्या प्रवासापेक्षा जास्त. हीच पट्टी एक पंचमांश तेजावर चालवली तर १०८ वॅट-तासांत रात्र निघते, आणि अंधाऱ्या मैदानात तेवढा प्रकाश डोळ्यांना भरपूर वाटतो. दिव्यांचे तेज कमी ठेवणे हा बॅटरी मोठी करण्यापेक्षा स्वस्त व हलका उपाय आहे.

चार्जिंगसाठी तळावर जनित्र किंवा सौर पटल वापरतात. १०० वॅटचे पटल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ५०० वॅट-तास देऊ शकते. त्यावर धूळ बसली की ते उत्पादन घसरते.

मोटर आणि नियंत्रक

घरगुती बांधणीत बहुधा हब मोटर वापरली जाते, कारण तिच्यासाठी फक्त चाक बदलावे लागते. यातील थेट-चालित प्रकारात मोटरचे बाहेरचे कवच हेच हब असते. आतील गुंडाळ्या स्थिर राहतात व चुंबक चाकाबरोबर फिरतात. हलणारा भाग एकच असल्याने झीज कमी होते, पण मोटर जड असते. गिअर असलेल्या प्रकारात लहान मोटर वेगाने फिरते आणि ग्रहीय गिअर तो वेग कमी करतात. हा प्रकार हलका व चढावर अधिक जोरदार असतो, मात्र त्यातील गिअर अनेकदा नायलॉनचे असून धूळ आत गेल्यास ते झिजतात. पॅडलच्या अक्षावर बसणारी मध्य-मोटर सायकलच्याच साखळीतून जोर देते, म्हणून धुळीत तिची साखळी लवकर खराब होते.

नियंत्रक बॅटरीचा एकदिश प्रवाह मोटरच्या तीन तारांत क्रमाने सोडतो. मोटरमधील तीन हॉल संवेदक चुंबकांची स्थिती कळवतात आणि त्यानुसार नियंत्रकातील मॉस्फेट चालू-बंद होतात. हॉलच्या तारा किंवा तीन मुख्य तारा यांचा क्रम चुकला तर मोटर थरथरते, उलटी फिरते किंवा खूप प्रवाह खेचते; पहिली चाचणी चाक जमिनीवरून उचलून घेण्याचे हे कारण आहे. ब्रेकच्या दांड्यात बसवलेला खटका ब्रेक दाबताच मोटर बंद करतो. तो वगळण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्याच्याविनाही सायकल चालते. पण थ्रॉटल अडकल्यास मोटर थांबवणारी तीच एक सोय असते.

यांत्रिक बाजूला सर्वांत दुर्लक्षित भाग अक्षाचा आहे. साध्या चाकाचा अक्ष फक्त वजन पेलतो. हब मोटरचा अक्ष मात्र मोटरच्या विरुद्ध दिशेने फिरू पाहतो. त्याला दोन बाजूंनी सपाट केलेले असते आणि ती सपाटी चिमट्याच्या खाचेत अडकते. ॲल्युमिनिअमच्या चिमट्यात ही खाच हळूहळू रुंदावते, अक्ष गरकन फिरतो, तारा तुटतात व चाक निसटू शकते. यासाठी अक्षावर पोलादी टॉर्क आर्म बसवून तिचे दुसरे टोक चौकटीला पक्के करतात. पुढील चाकात मोटर बसवायची असल्यास पोलादी चिमटा असलेली जुनी सायकल नव्या हलक्या सायकलपेक्षा उपयुक्त ठरते.

बॅटरी

स्वनिर्मित विद्युत सायकलमधील खरा धोका बॅटरीत असतो. १८ मिलिमीटर व्यास व ६५ मिलिमीटर लांबीचा ‘१८६५०’ लिथियम-आयन घट सरासरी ३.६ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. असे दहा घट एकसर जोडल्यास ३६ व्होल्ट मिळतात. अडीच अँपिअर-तास क्षमतेच्या चार घटांचा एक समांतर गट, असे दहा गट म्हणजे ४० घट. त्यांची क्षमता ३६० वॅट-तास व घटांचे वजन दोन किलोग्रॅमच्या आत. एवढीच ऊर्जा शिसे-आम्ल बॅटरीत साठवायची तर वजन दहा किलोग्रॅमपलीकडे जाते, आणि त्यांतील जेमतेम निम्मी ऊर्जाच बॅटरीचे आयुष्य न घटवता वापरता येते.

घट निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग करून जोडतात. सोल्डरिंगची उष्णता घटाच्या आतील विलगकाला इजा करू शकते. जुन्या लॅपटॉपमधील घट काढून वापरण्याची पद्धत जगभर आहे. पण वेगवेगळ्या वयाचे व क्षमतेचे घट एका गटात आले की दुबळा घट आधी रिकामा होतो, आधी भरतो आणि आधी तापतो. बॅटरी व्यवस्थापन प्रणाली प्रत्येक गटाचे व्होल्टेज पाहून अतिभरण व अतिउत्सर्जन थांबवते, मात्र एका गटातील चार घटांपैकी कोणता बिघडला आहे हे तिला कळत नाही. आतून शॉर्ट झालेला घट तापतो, त्याची उष्णता शेजारच्या घटाला पेटवते आणि ही साखळी पाण्याच्या बादलीने आटोक्यात येत नाही. भारतात २०२२ च्या वसंतात विद्युत दुचाकींना आगी लागण्याच्या अनेक घटना घडल्या; त्यांतील एक मार्चमध्ये पुण्याच्या लोहगाव भागात घडली. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरी सुरक्षेचे मानक एआयएस-१५६ अधिक कडक केले. ही सर्व वाहने कारखान्यात बनलेली होती. ज्या बॅटरीवर कोणतीच चाचणी झालेली नाही तिला तंबूत किंवा झोपण्याच्या खोलीत चार्ज करणे किती जोखमीचे आहे, हे यावरून लक्षात येते.

लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारचा घट ३.२ व्होल्टचा, अधिक जड, पण उष्णतेत बराच स्थिर असतो. वाळवंटासाठी अनुभवी बांधणीकार त्याला पसंती देतात. कोणताही लिथियम घट ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. बंद तंबूत दुपारी तापमान याच्याही वर जाते, म्हणून सावलीत, शक्यतो सकाळी चार्जिंग करतात.

भारतातून परदेशी उत्सवाला जाणाऱ्यांसाठी आणखी एक मर्यादा महत्त्वाची आहे. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही. मोटर व नियंत्रक सामानात जाऊ शकतात. बॅटरी मात्र तेथेच मिळवावी लागते.

धूळ आणि चिखल

ब्लॅक रॉकचे मैदान म्हणजे लाहोंटन या हिमयुगीन सरोवराचा कोरडा तळ. तेथे राजस्थानसारखी वाळू नसून पिठासारखी बारीक, अल्कधर्मी धूळ आहे. ती बेअरिंग, थ्रॉटल व जोडपिनांत शिरते, आणि ओलावा मिळताच ॲल्युमिनिअम व तांबे खाऊ लागते. साखळीला तेल दिल्यास धूळ त्यात कालवली जाऊन घासकाम करणारी लापशी तयार होते. म्हणून मेणयुक्त कोरडे वंगण वापरतात. नियंत्रकाला हवा हवी असते, पण भोके ठेवल्यास धूळ आत जाते. यावर त्याचे कवच बंद करून ते चौकटीच्या धातूला चिकटवणे, म्हणजे चौकटीलाच उष्णता शोषू देणे, हा तोडगा काढला जातो. उत्सवानंतर सायकल पातळ व्हिनेगरने पुसून अल्कता मारतात व मग पाण्याने धुतात.

पाऊस पडल्यास हीच धूळ चिकट चिखल होते. सप्टेंबर २०२३ च्या प्रारंभी पडलेल्या पावसाने हजारो लोक अनेक दिवस अडकून पडले आणि वाहनांना बाहेर पडण्यास मनाई करावी लागली. चिखल टायर व मडगार्ड यांच्यामध्ये थरावर थर साचून चाक जागीच अडकवतो. अशा वेळी मोटरला जोर लावणे म्हणजे ती जाळणे. जुन्या सायकलचे मडगार्ड काढून टाकण्याचा सल्ला या अनुभवाशी जुळतो.

सजावट

रात्री दिव्याविना फिरणारी सायकल मैदानात कोणालाच दिसत नाही, त्यामुळे सजावट हा मुळात सुरक्षेचा भाग आहे. लवचीक प्रकाशतारा, एलईडी पट्ट्या, स्पोकवर बसणारे दिवे, तसेच बांबू, तार, कापड व फोम यांपासून केलेले मासे, घोडे, ड्रॅगन असे आकार आढळतात. वारा जोरदार असल्याने मोठा सपाट पृष्ठभाग शिडासारखा वागतो व सायकल आडवी करतो. जाळी किंवा तारेचा सांगाडा त्यापेक्षा बरा. वजन खाली व दोन्ही बाजूंस समान असावे लागते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून कापड किंवा तार चाकात येत नाही याची खात्री करावी लागते.

एलईडी पट्टीला लागणारे ५ व्होल्ट ३६ व्होल्टच्या बॅटरीतून परिवर्तकाद्वारे घेतात. बॅटरीतील एक-दोन गटांनाच पट्टी जोडणे सोपे दिसते, पण त्यामुळे तेवढेच गट लवकर रिकामे होऊन संपूर्ण बॅटरी असंतुलित होते. लांब पट्टीच्या टोकाला व्होल्टेज घटून पांढरा रंग तांबूस दिसू लागतो. त्यावर दोन्ही टोकांना वीज देणे हा उपाय आहे. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गणेशोत्सवापूर्वी विकल्या जाणाऱ्या रोषणाईच्या मालात या पट्ट्या व परिवर्तक सर्रास असतात, आणि मंडपाची रोषणाई करणाऱ्या कारागिरांना हे दोन्ही दोष परिचयाचे आहेत.

वाहनाला सजवण्याची परंपरा महाराष्ट्रात बैलाच्या रूपाने जुनी आहे. शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर या परिसरात भाद्रपदी पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग व बेगड लावून, बाशिंगे, गोंडे, घुंगरमाळा व झूल घालून मिरवणूक काढतात. मात्र बेगड, झिरमिळ्या, चमकी यांसारखी सुटी पडणारी सजावट बर्निंग मॅनमध्ये चालत नाही. पिसे व चमकी न आणण्याची सूचना सहभागींना दिली जाते, कारण उत्सवानंतर स्वयंसेवक मैदानावरील बारीकसारीक कचरा हाताने वेचतात आणि संघीय भूव्यवस्थापन विभाग त्या जागेची तपासणी करतो. पुढील परवाना या स्वच्छतेशी निगडित असतो.

भारतातील वाळवंटी उत्सव

राजस्थानातील जैसलमेरचा मरू महोत्सव माघ महिन्यात भरतो. तेथे सजवण्याचा मान उंटाचा आहे. गुजरातमधील धोर्डो येथे हिवाळ्यात रण उत्सव होतो. कच्छच्या रणातील अडचण धुळीपेक्षा मिठाची आहे. ओले मीठ विजेचे वाहक असल्याने उघडे जोड गंजतात व गळतीचा प्रवाह वाहू शकतो, म्हणून तेथे जलरोधक जोडपिना अनिवार्य ठरतात.

महाराष्ट्रातील प्रयत्न

फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात अनिल राजवंशी यांच्या नेतृत्वाखाली सायकल रिक्षाला विद्युत मोटर जोडण्याचे काम हाती घेतले. त्यातून मोटर-साहाय्यित पॅडल रिक्षा आणि ‘इलेक्शा’ ही पूर्ण विद्युत रिक्षा तयार झाली. उत्सवाशी या कामाचा संबंध नव्हता. पण कमी वेग, जड भार आणि मर्यादित बॅटरी हे तिन्ही प्रश्न तेथेही तेच होते. देशात ई-रिक्षा सर्वत्र दिसू लागण्याच्या बऱ्याच आधीचा हा प्रयत्न असल्याने त्याची नोंद घ्यावी लागते.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातील भाग वापरून बांधलेली छोटी चारचाकी २०२१ च्या अखेरीस गाजली. ती विजेवर नव्हे, तर किक मारून सुरू होणाऱ्या दुचाकीच्या इंजिनावर चालत होती. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक करतानाच ती नियमांत बसत नसल्याचे नमूद केले आणि तिच्या बदल्यात बोलेरो गाडी देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती देण्यात आली. स्वनिर्मित वाहनाची कल्पकता आणि त्याची कायदेशीर बाजू यांतील अंतर या प्रसंगातून सर्वांसमोर आले.

भारतातील कायदेशीर स्थिती

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची तीस-मिनिटे शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोग्रॅमपर्यंत असलेले, योग्य ब्रेक व परावर्तक असलेले विद्युत दुचाकी वाहन मोटार वाहन मानले जात नाही. त्याला नोंदणी लागत नाही. मात्र ही सूट मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेल्या प्रतिकृतीला आहे. अशा संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही पुण्यात आहे. एकट्या घरगुती सायकलसाठी ही प्रक्रिया व्यवहार्य नसते. बाजारात ‘२५० वॅट’ असा शिक्का असलेल्या काही मोटरी प्रत्यक्षात दुपटीहून अधिक शक्ती घेतात, कारण शक्ती शिक्क्यावर नव्हे, तर नियंत्रकाच्या प्रवाहमर्यादेवर ठरते. ३६ व्होल्टला १५ अँपिअर सोडणारा नियंत्रक बॅटरीतून ५४० वॅट खेचतो. मर्यादा ओलांडलेले वाहन नोंदणी व विम्याविना सार्वजनिक रस्त्यावर आल्यास अपघातप्रसंगी चालकावर संपूर्ण दायित्व येऊ शकते.

अमेरिकेत २००२ च्या संघीय कायद्याने ७५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, केवळ मोटरवर ताशी २० मैलांपेक्षा कमी वेगाने जाणारी आणि चालू स्थितीतील पॅडल असलेली सायकल ग्राहक-वस्तू ठरवली आहे. युरोपीय संघात पॅडल-साहाय्यित सायकलसाठी मर्यादा २५० वॅट व ताशी २५ किलोमीटर अशी आहे.